पाठमोरा गोलकीपर

ये बघू, अशी जवळ ये. कान इकडे कर, कारण रागवायचंय मला थोडं. न्यूयॉर्क बघतेस, तिथून वॉशिंग्टनला जातेस, आमच्या वेस्ट विंडसरवरून तुझी ट्रेन धडधडत निघून जाते आणि संध्याकाळी मेसेज येतो, "मावशी, नेक्स्ट टाइम नक्की! तुझं घर काय, वाटेवरच आहे." वाटेवर आहे म्हणूनच राहतं ना गं ते. डोंगरावर असतं तर बूट घालून चढत आली असतीस. आणि हे तुला एकटीलाच नाही म्हणत. भाचे, पुतणे, ह्यांच्या मित्रांची मुलं, सगळी एका माळेची.

बरं, आली नाहीस ती नाहीस. ऐक तरी. आली असतीस तर माझ्या घराआधी तुला आमचा शेजारी दिसला असता, आणि तू गाडीतून उतरली नसतीस. मीच किती तरी दिवस त्याला घाबरून मागच्या दाराने कचरा टाकायला जात होते.

म्हणजे बघ. शेजारच्या घरासमोर, ड्राइव्हवेच्या मधोमध, सत्तरी ओलांडलेला एक धिप्पाड माणूस उभा. पाय फाकवलेले, गुडघे किंचित वाकवलेले, हात दोन्ही बाजूंना अर्धवट पसरलेले, आणि हातात ते फुगीर मोठे गोलकीपरचे ग्लोव्ह्ज. इथवर ठीक आहे. अमेरिकेत कोण काय करील सांगता येत नाही. पण हा माणूस रस्त्याकडे पाठ करून उभा! तोंड स्वतःच्याच घराच्या दाराकडे. दार उघडं, आणि हा त्याच्यावर डोळे लावून असा उभा, की आता आतून कोणीतरी बॉल मारणार आहे. सकाळी तोच, दुपारी तोच. पाऊस आला की डोक्यावर टोपी चढायची, एवढाच काय तो फरक.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्याने घरात कोणाला तरी कोंडलंय."

हे रिटायर झाल्यापासून यूट्यूबवर गव्हाचे प्रकार बघत असतात. मान वर न करता म्हणाले, "दार उघडं ठेवून कोण कोंडतं गं?"

"म्हणून तर पहारा देतोय!"

"एक्सरसाइज करत असेल."

"एवढा वेळ? आणि वरच्या खिडकीचा पडदा हलतो तो? मी हात पाहिलाय. बाईचा हात."

"पोलिसांना फोन कर मग," हे म्हणाले, आणि मी फोन उचलला तर घाईघाईने, "नको नको, आपल्याला साक्षीला बोलावतील." एकूण शौर्य आमच्या घरात असं वाटून घेतलेलं आहे.

ओळख झाली ती नारळामुळे. इंडियन स्टोअरमधून आले होते. गाडीतून पिशवी काढताना तळ फाटला आणि एक नारळ सुटला तो घरंगळत निघाला रस्त्याकडे. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी स्टेशनवरून सुटलेल्या गाड्या कशा येतात तुला माहीत नाही. मी नुसती "अगं बाई" म्हणायच्या आत त्या माणसाने मान वळवली, "मिन्याऽऽ!" अशी आरोळी ठोकली आणि आडवा झाला. आडवा म्हणजे अक्षरशः आडवा, डांबरावर, सबंध. पोटाशी नारळ धरून मुटकुळं करून पडला, तो उठेच ना. मनात आलं, गेला हा. माझ्या नारळापायी एक परका माणूस गेला. आता साक्षीला नाही, मलाच नेतील.

तेवढ्यात तो उठला. गुडघा फुटला होता. पण त्याने आधी गुडघ्याकडे नाही पाहिलं, माझ्याकडे नाही, नारळाकडेही नाही. गर्रकन वळून आपल्या दाराकडे पाहिलं. दार होतं तिथे होतं, आत कोणी नव्हतं. मग मोठा श्वास सोडून मला म्हणाला, "काल्मा, काल्मा," आणि नारळ माझ्या हातात असा दिला, जसं काही बाळच.

काल्मा म्हणजे शांत हो. मिन्या म्हणजे माझा. बॉल हवेत असला की गोलकीपर ओरडतो ना, की सगळे बाजूला व्हा, हा मी घेतो, तेच हे मिन्या. माणसाचं नाव आर्मिंदो. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका मच्छीमारांच्या गावाच्या टीमचा गोलकीपर होता. टीम मोठी नव्हती. गुडघे गेल्यावर भावाच्या पाठोपाठ नूअर्कला आला, बेकरीत पाव भाजले, आणि म्हातारपणी मुलीने हे घर घेऊन दिलं. मुलगी लुसिया, दूर राहते, रविवारी येते.

त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा वाईट, म्हणून आमचं छान जमलं. एकदा मी वाटीभर बटाट्याची भाजी नेऊन दिली आणि म्हटलं "बटाटा." तो म्हणाला "बताता!" मग आम्ही दोघं हट्टालाच पेटलो. पाव? पाव. बादली? बाल्द. काजू, अननस, चावी, एकेक निघत गेलं. ह्यांनी गॅलरीतून मला सांगितलं की हे सगळे शब्द त्यांचेच आहेत, त्यांनीच आपल्याला दिले. मी म्हटलं, मग भाजीची वाटी परत मागू नका. तेव्हापासून मी त्याला आर्मिंदोभाऊ म्हणायला लागले आणि तो मला दोना कुसुम, म्हणजे कुसुमबाई.

पण बोलायचं कसं, ते ऐक. मी त्याच्यासमोर उभी राहिले की तो अस्वस्थ व्हायचा. "दोना कुसुम, प्लीज, यू बिहाइंड." म्हणजे मी दाराच्या आड येते. मग मी त्याच्या पाठीमागे उभी राहून बोलायची आणि तो दाराकडे बघत उत्तरं द्यायचा. त्याची सगळी कारकीर्द मी त्याच्या मानेकडे बघत ऐकलेली आहे.

आणि कारकीर्द कसली, भीतीची कहाणीच ती. हा एवढा आडदांड, आणि प्रत्येक मॅचआधी ह्याला उलटी व्हायची. प्रत्येक! कोच वैतागून गोलच्या खांबामागे एक बादली ठेवायचा. दुसऱ्या गावचे लोक म्हणे "बाल्द! बाल्द!" ओरडून चिडवायचे. मी म्हटलं, "मग सोडायचं होतं." तर हा म्हणाला, "नो, नो. भीती इज गुड. ज्या कीपरला भीती नाही, तो झोपतो." भीती हा शब्द मी शिकवलेला. तो फार आवडला त्याला. पुढे कोणी 'हाउ आर यू' विचारलं की हा छाती काढून सांगायचा, "व्हेरी भीती, थँक्यू!"

मैदान त्यांचं समुद्राला लागून. वारा असा की एकदा ह्याने हातातला बॉल उंच लाथाडला, तो वर गेला, थांबला, वाऱ्याने मागे फिरला आणि ह्याच्याच डोक्यावरून ह्याच्याच गोलमध्ये! पेपरात फोटो आला. आयुष्यात फोटो आला तो तेवढाच, आणि त्यातही तोंड वर आणि उघडं. तो फोटो फ्रेम करून ठेवलाय असं अभिमानाने सांगायचा. लोक कोणाकोणाला काय काय म्हणून लक्षात ठेवतात, मला निदान वाऱ्याने हरवलं, म्हणायचा.

एकदा मी म्हटलं, "पेनल्टीला तर तुमची गाळणच उडत असेल."

त्याच्या मानेला हसू आलं. खरंच, मागून कळायचं मला. "पेनल्टी? नाही. पेनल्टीला सगळ्यांना वाटतं गोल होणार. झाला तर कोणी शिव्या देत नाही. भीती सोप्या बॉलची, दोना कुसुम. हळू येतो. घरंगळत. तुम्ही म्हणता, हा काय, हा माझाच. बघता दुसरीकडे. आणि तो जातो." डाव्या ग्लोव्हने त्याने पायांमधली जागा दाखवली. "इथून."

एवढं सगळं सांगायचा, पण घरात कोण आहे विचारलं की, "वाइफ. ओदेत. रेस्टिंग." बस्स. आत बोलावणं नाही, तिला बाहेर आणणं नाही. पडदा मात्र हलायचा. मला रात्री झोप येईना. भला माणूस आहे म्हणावं तर घरातली बाई दिसत नाही, आणि वाईट म्हणावं तर माझ्या नारळासाठी गुडघा फोडून घेतलेला. मी लुसियाची गाडी आली की मुद्दाम पायरीवर झाडू मारत बसायची. ती घाईत "हाय" म्हणून आत जायची, बाहेर यायची तेव्हा डोळे पुसलेले असायचे. माझी भीती अजून वाढायची.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. शनिवार, दुपार, आणि आदल्या दिवशीचा बर्फ कडेला साचून काचेसारखा झालेला. ह्यांना चिवड्याची वाटी देऊन वर पाठवलं आणि खाली येण्याची बंदी घातली. बायकांच्या गाड्या इतक्या आल्या की लावायला जागा उरेना. मी दारात उभी, तर आर्मिंदोभाऊ हात हलवून गाड्या लावून देतोय. "लेफ्ट, लेफ्ट! स्टॉप!" फ्री किकच्या आधी आपल्या माणसांची भिंत लावतात ना, तशा त्याने गाड्या एका ओळीत लावल्या. पण दर गाडीनंतर मान दाराकडे. मला हसू आलं. म्हटलं, आज तरी बाबा जरा उसंत घे.

आमच्या मंडळातल्या शीलाताई उतरल्या, पैठणी, वर जॅकेट, हातात तिळाच्या वड्यांचं ताट. दोन पावलं टाकली आणि पाय सटकला. "मिन्याऽऽ!" ताट एका हातात, शीलाताई दुसऱ्या हातात! शीलाताई म्हणजे काही कमी वजनाचा बॉल नाही. एक वडी सांडली नाही. आम्ही सगळ्यांनी दारातून टाळ्या वाजवल्या. त्यांना हाताला धरून सावकाश माझ्या पायरीपर्यंत पोचवलं त्याने. शीलाताई लाजून लाल.

मग आत काय झुंबड, तुला माहीतच आहे. दारात चपला-बुटांचा डोंगर. बायका येतायत, जातायत, बसतायत. मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन फिरतेय. आता इथे बायका ऑफिसमधल्या मैत्रिणींना, शेजारणींना बरोबर आणतात, आणि मी कोणाला सवाष्ण आहेस का, कोणाची कोण आहेस, असलं काही विचारत नाही. जी येईल तिला लावते. तशीच एक पांढऱ्या केसांची गोरी बाई शालीत गुरफटून आली. गारठलेली. तिला बसवलं, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं. तिने मनगट नाकाशी नेलं आणि अशी हसली! हातात तिळगूळ ठेवला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली. त्या गाळणीतून तिने माझ्याकडे बघितलं. गोड वाटली मला. दारातल्या ढिगात तिच्या निळ्या लोकरीच्या स्लिपर्स बर्फाने चिंब झालेल्या दिसल्या, म्हणून मी त्या उचलून हीटरवर ठेवल्या. मनात म्हटलं, जिने आणली तिने बूट तरी घालायला सांगायचे. एवढाच विचार, आणि मी कॉफीकडे वळले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. हाक कसली, फाटलेला आवाज. "ओदेऽऽत!"

मी खिडकीशी धावले. आर्मिंदोभाऊ रस्त्यात उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याची पाठ घराकडे होती. इकडे बघत होता, तिकडे बघत होता. हात पसरलेलेच, पण आता समोर काहीच नव्हतं. मग तो घरांच्या मागे तळ्याकडे पळत सुटला.

मी साडी खोचली, ह्यांचे स्नोबूट चढवले आणि त्याच्यामागे निघाले. ते तळं बघितलंयस का? नाही, कसं बघशील. पावसाचं पाणी साठावं म्हणून केलेलं, पण चांगलं खोल. वर बर्फाचा पातळ पापुद्रा, बदकं मधोमध एवढ्याशा उघड्या पाण्यात दाटीने बसलेली. तळ्यापलीकडे रेल्वेचे रूळ. गाडी जाते तेव्हा आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात. काठावरच्या बर्फात पावलं उमटली होती. माणसाची, बदकाची, कशाची कळेना. आर्मिंदोभाऊचा एक पाय पापुद्र्यावर पडलेला, कड्कन आवाज झाला. मी मागून त्याचं जॅकेट दोन्ही हातांनी धरलं आणि मागे झुकले. एवढा मोठा माणूस, मी कुठली पुरी पडते? पण सोडलं नाही.

"शी फर्गेट," तो म्हणाला. दात वाजत होते. "एव्हरीथिंग. ती आईकडे जायला निघते. रोज. आई नाही, दोना कुसुम, आई तिकडे कबरीत. पण ती निघते."

"अरे मग दाराला कुलूप लावायचं!" मी मराठीतच ओरडले, आणि त्याला कळलं.

"लावलं होतं. ती दार ठोकायची. रडायची. म्हणायची, आर्मिंदो, मी काय केलं? मला तुरुंगात का ठेवलंस?" त्याने ग्लोव्ह तोंडावर धरला. "कुलूप म्हणजे तुरुंग. दार उघडं आणि मी समोर, हे फुटबॉल आहे. ती बाहेर येते, मी पकडतो, आम्ही दोघं आत. रोज. रोज पकडलं."

मला एकदम सगळे दिवस आठवले. त्याचा गोल त्याच्या पाठीमागे होता. रस्ता म्हणजेच त्याचा गोल. आणि मी ह्या माणसावर पोलीस आणणार होते.

"आज मी बाईला पकडलं," तो म्हणाला. "टाळ्या झाल्या. मी टाळ्यांकडे बघितलं." मग फार हळू, "सोपा बॉल."

पलीकडून गाडी आली. धाड धाड धाड धाड. देवाची शपथ, मी डोळे मिटून घेतले होते.

गाडी गेली. तो बर्फाकडे बघत पुटपुटत होता, "थंडी. कोट नाही. फक्त शाल. पायात घरातल्या स्लिपर्स..."

मी डोळे उघडले. "कसल्या?"

"व्हॉट?"

"स्लिपर्स! कलर! निळ्या? लोकरीच्या?"

त्याने मान डोलावली.

"अरे देवा, त्या माझ्या हीटरवर वाळतायत!"

पळालो आम्ही. बरं, पळताना नवीनच भीती. कॉफी होऊन गेली असणार, बायका निघाल्या असणार, त्यांच्याबरोबर तीही निघाली असणार. दार उघडं, बाहेर रस्ता, अंधारायला लागलेलं, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं पाठीमागून येतोय. छातीत असं दुखत होतं.

कोपरा वळलो आणि मी देवाला हात जोडले. देवाला म्हणजे आपल्या बायकांना. अगं, सगळ्या निघाल्या होत्या, बऱ्याच वेळापूर्वी निघाल्या होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या अजून दारातच होत्या! एक पाय बुटात, एक बाहेर. कोणी लाडवाची रेसिपी सांगतेय, कोणी व्हिसाचं, कोणी नुसतंच "चला, निघते हं" म्हणून परत पहिल्यापासून सुरू करतेय. दारातून मांजर बाहेर पडलं नसतं. आणि त्या जरीच्या भिंतीमागे, कपाळावर भलंमोठं कुंकू, हातात गाळणी, ओदेत. बाहेर पडायला बघतेय, आणि शीलाताई तिला पाठीवर हात ठेवून सांगतायत, "अहो बसा हो, एवढी काय घाई?" मराठीत. ती ऐकत होती.

आर्मिंदोभाऊ पायरीशी थांबला. बायका बाजूला सरकल्या. ओदेतने त्याला पाहिलं. क्षणभर वाटलं, ओळखलंच नाही. मग तिने गाळणी उंच धरली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "इश्केर्दा, आर्मिंदो! इश्केर्दा!"

त्याने ग्लोव्ह्ज काढले. मी त्याचे हात पहिल्यांदा पाहिले. बोटं इकडेतिकडे वळलेली, एक तर सरळ होतच नव्हतं. त्या हातांनी त्याने तिचं तोंड धरलं आणि इतकं हळू "मिन्या" म्हणाला, की मी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

इश्केर्दा म्हणजे डावीकडे. ते त्याने मला नंतर सांगितलं, पाठमोरं उभं राहून. ओदेत त्याच्या प्रत्येक मॅचला गोलच्या जाळीमागे बसायची. त्या बादलीशेजारी. विणकाम करत. आणि विणता विणता मागून ओरडायची, डावीकडे सरक आर्मिंदो, उजवीकडे बघ. ह्याची डावी बाजू कच्ची होती, ते कोचच्या आधी तिला कळलं. "उभा जन्म ती माझ्या पाठीशी," तो म्हणाला. म्हणजे त्याच्या भाषेत म्हणाला, पण तेच. "आता माझ्या पाठीमागे कोणी नाही."

मी घरी आले, फोल्डिंग खुर्ची उचलली.

तेव्हापासून दुपारी मी असते तिथे. तो दाराकडे तोंड करून, त्याच्यामागे मी रस्त्याकडे तोंड करून, स्वेटर विणत. हे चहा आणून देतात, तेवढं शौर्य त्यांनी अंगावर घेतलंय. ओदेत दिवसातून कितीदा तरी बाहेर येते. तो हात पसरतो, "काल्मा, काल्मा," ती त्याच्या हातांत येते, कधी कधी दोघं दोन गिरक्या घेतात आणि आत जातात. गाळणी त्यांच्या भिंतीवर लटकलीय, फोटोच्या शेजारी.

पण भीती आहेच गं. त्याचे गुडघे संपलेत. लुसिया म्हणते, उन्हाळ्यानंतर आईला म्हाताऱ्यांच्या होममध्येच ठेवायचं, बाबांना हे झेपत नाही. खोटं नाही तिचं. ती हे बोलली त्या रविवारी तो मला म्हणाला, "व्हेरी भीती, दोना कुसुम," आणि छाती काढली नाही. ती मला अजून ओळखते, म्हणजे कपाळाला बोट लावून हसते. उद्याचं काही सांगता येत नाही.

म्हणून सांगते, ये. वाटेवरच आहे, कधीही येऊ, असं म्हणू नकोस. तो सोपा बॉल आहे, मी आता त्यालाच घाबरते. बर्फ वितळलाय, ड्राइव्हवे कोरडा आहे. गाडीतून उतरलीस की आधी त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहा. तुझ्यासाठी दुसरी खुर्ची काढून ठेवलीय.